बॅटरीघरातलं बंडल

१

बॅटरीघरावरचा कामगार विठोजी गेला त्याला दोन दिवस झाले होते, आणि तो कसा गेला हे हेमावती रेशीम गिरणीत सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. बॅटरीघरात त्यानं बिडी शिलगावली, कोंडलेला वायू भडकला, काचेचे सेल फुटले, एक तुकडा त्याच्या मानेत घुसला. फाटकावरच्या वॉचमननं हे सांगितलं, टाइपिस्टनं सांगितलं, आणि मॅनेजर जयसिंगरावांनी तर चहा यायच्या आधीच सांगितलं.

भीमाचार्यांनी ते ऐकून घेतलं. ते सरकारी विद्युत निरीक्षक होते. विजेपायी कुठं माणूस मेलं की कारण शोधायला त्यांना जावं लागे. मूळचे धारवाडकडचे; घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी. तिन्ही भाषांत ते वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकत आले होते, की चूक मेलेल्याचीच होती. चामराजपेटेपासून बसमध्ये उभं राहून त्यांचे गुडघे भरून आले होते. बसल्या खुर्चीतून उठूच नये असं त्यांना वाटत होतं.

"पंचनामा झालाय, आचार्य," जयसिंगराव म्हणाले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुराचं, मराठीत कन्नड मिसळलेलं. "तुमची सही तेवढी राहिली. स्वल्प बघून घ्या, की झालं."

"बघतो," भीमाचार्य म्हणाले आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले.

त्या वर्षी म्हैसूर राज्यात विजेची फार टंचाई होती. शरावतीच्या पाण्याची वीज अजून यायची होती. वीज मंडळानं गिरण्यांना मर्यादा घालून दिली होती: संध्याकाळी सहा ते नऊ मीटरचा तांबडा काटा खुणेच्या पुढं जाता कामा नये. गेला तर महिनाभर जोडणी बंद. म्हणून गिरणीनं मागच्या अंगाला बॅटरीघर बांधलं होतं. रात्री वीज पडून असते तेव्हा बॅटरी भरायची, आणि संध्याकाळच्या ओढीच्या वेळी ती वापरायची. तेवढा भार तारांवरून उतरतो.

बॅटरीघराचं कुलूप फोरमन आप्पाजीनं काढलं. त्याच्या खाकी विजारीला दोन्ही गुडघ्यांवर भोकं पडली होती.

"ॲसिड, साहेब," तो म्हणाला. "त्याला उचलायला खाली बसलो होतो. इथं, खटक्याच्या खालीच पडला होता तो."

खटका म्हणजे भिंतीवरचा तांब्याच्या पात्यांचा मोठा स्विच. त्याखालची फरशी, भिंती, कोनाडे, सगळ्यावर पांढरा थर वाळला होता.

"हे काय?"

"सोडा. त्याच संध्याकाळी मी सोड्याचं पाणी मारलं, नाहीतर आत पाय ठेवता आला नसता. कोनाड्यांतसुद्धा मारलं. मग कुलूप घालून किल्ली उपेंद्रसाहेबांकडे दिली. सकाळी पोलीस आले, तेव्हा त्यांना कोनाड्यातलं ते बंडल दिसलं."

खटक्याशेजारच्या कोनाड्यात बिड्यांचं एक बंडल आणि काडेपेटी होती. निरीक्षक येईपर्यंत हात लावू नये, असं पोलीस सांगून गेले होते. भीमाचार्यांनी बंडल उचललं. कागद करकरीत होता. काडेपेटीवरचं चित्र जसंच्या तसं होतं. खाली सोड्याचा पांढरा थर होता, सलग. त्यांनी दोन्ही वस्तू होत्या तशा ठेवल्या.

मग ते खोलीभर हळूहळू फिरले. जमिनीवर ॲसिड न लागणाऱ्या तांबूस फरशांचे दोन लांब पट्टे होते. एका पट्ट्यावर लाकडी घडवंचीवर काचेचे सेल होते, काही फुटलेले, काही शाबूत. दुसरा पट्टा मोकळा होता.

"स्फोट किती वाजता झाला, आप्पाजी?"

"सातला. दिवे सगळे लागले होते."

"त्या वेळी बॅटरी काय करत असते?"

"वीज देत असते, साहेब."

"बॅटरी देत असली की वायू होत नाही," भीमाचार्य म्हणाले. "भरत असली की होतो. बिडी राहू दे बाजूला. पेटायला वायू आला कुठून?"

"ते उपेंद्रसाहेबांना विचारा," आप्पाजी म्हणाला आणि कुलूप घालायला वळला.

२

इंजिनिअर उपेंद्रला पुण्याहून येऊन वर्ष झालं होतं. तिशीही न गाठलेला, दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. त्याच्या टेबलावर दुपारचा डबा न उघडता तसाच होता.

"बॅटरी केवढी हवी, हे कसं ठरवलंत?" भीमाचार्यांनी विचारलं.

हा प्रश्न आल्याबरोबर त्याला जरा हुशारी आली. "दोनच गोष्टी बघायच्या, सर. आपला लोड मर्यादेच्या वर किती जातो, आणि किती वेळ वर राहतो. पहिल्यावरून ठरतं बॅटरीने एका वेळी किती जोर लावायचा. दुसऱ्यावरून ठरतं तिने किती वेळ टिकायचं. आठवडाभर मी स्वतः मीटरपाशी बसलो होतो. शिवाय थोडी शिल्लक धरावी लागते. लेडची बॅटरी तळापर्यंत रिकामी करत गेलं की प्लेटा मरतात."

"आणि ती चालवते काय?"

"गुंडाळणी खातं. तिथल्या मोटारी जुन्या, डीसीवर चालणाऱ्या. म्हणजे बॅटरी सरळ जोडता येते. संध्याकाळी ते पूर्ण खातं बॅटरीवर."

"किती वाजता जोडता?"

"सहाला."

"सहाला जोडली, तर सातला विठोजी खटक्याखाली काय करत होता?"

उपेंद्रनं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि पुन्हा ठेवली. "काहीतरी बघायला गेला असेल. बिडी ओढायला. तो कोपरा आडोशाचा आहे."

भीमाचार्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. खिडकीतून रेशमाच्या कोशांचा उबट वास येत होता. या पोराला झोपेची गरज आहे आणि मलाही, असं त्यांच्या मनात आलं. पण विचारायचं ते विचारावंच लागणार होतं.

"तुमच्या हिशेबानं जेवढी हवी होती तेवढीच बॅटरी बसवलीत?"

"हो, सर."

"मग उपेंद्र, फरशा दोन ओळींच्या का घातल्या?"

३

उत्तर जयसिंगरावांच्या खोलीत मिळालं.

"निम्मीच आली," ते म्हणाले. "दुसऱ्या ओळीचं शिसं मिळेना. परवाना दिल्लीत अडकलाय. मंडळाची मर्यादा मात्र पहिल्या तारखेपासून लागू. मी काय करायला हवं होतं? गुंडाळणीत साठेक बायका आहेत. निम्म्या घरांत तीच एक कमाई. खातं बंद करून घरी बसा म्हणू त्यांना?"

"माग थांबवले असते संध्याकाळचे."

"मालकांनी मला थांबवलं असतं." जयसिंगराव कडवट हसले. "मग उपेंद्रनं तोड काढली. निम्मी बॅटरी तीन तास पुरत नाही. पण सहाला दिवे लागायला नुकती सुरुवात असते, काटा खुणेपासून लांब असतो. खरी ओढ सातला. म्हणून सातपर्यंत बॅटरी जोडायचीच नाही. उलट तेवढा वेळ आणखी भरत राहायचं, काठोकाठ. आणि सातला खटका ओढायचा. गेले दोन महिने चाललं की बिनबोभाट."

वायू कुठून आला, याचं उत्तर हे होतं. भरलेली बॅटरी आणखी भरत राहिलं की तिच्यातलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं आणि त्यातून पेटणारा वायू सुटतो. पण भीमाचार्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी आप्पाजीलाही आत बोलावून घेतलं.

"खोलीत वायू बाहेर फेकणारा पंखा आहे. मी पाहिला. तो चालू असता तर इतका वायू साचला नसता."

"पंख्याचं म्हणाल," जयसिंगराव म्हणाले, "तर सहा वाजले की गिरणीतले सगळे पंखे बंद, असा माझा हुकूम आहे. माझ्या खोलीतलासुद्धा. काट्यासाठी मी घाम गाळत बसतो इथं—"

आणि ते बोलता बोलता थांबले. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हाच ऐकू आलं.

"बॅटरीघराचा पंखा त्याच लायनीवर आहे," आप्पाजी हळू आवाजात म्हणाला. "सहाला बटण मीच पाडायचो. उपेंद्रसाहेबांना एकदा विचारलं होतं. बघतो म्हणाले. मग राहून गेलं. त्या दिवशी उकाडा होता, वारा बिलकूल नव्हता. दुसऱ्या दिवशी पण मीच पाडलं, साहेब. सवयीनं हात गेला."

खाली मागांची खडखड चालू होती.

"म्हणजे तासभर वायू साचला," भीमाचार्य म्हणाले. "सातला विठोजीनं नेहमीसारखा खटका ओढला. एवढी वीज जोडताना पात्यांपाशी ठिणगी पडतेच. झालं. इथं बिडीची गरजच नाही."

जयसिंगराव सावरले. "पण बिडी सापडली ना, आचार्य! त्या रात्री मी सरकारी दवाखान्यात प्रेतापाशी होतो. सकाळी पोलिसांच्याच गाडीतून परत आलो, त्यांच्यासमोर दार उघडलं. बंडल समोर. ठिणगी खटक्याची की काडीची, हे तुम्ही कोर्टात कसं सांगणार?"

भीमाचार्य उठले आणि त्यांनी आप्पाजीला विठोजीच्या घराची वाट विचारली.

४

विठोजीचं घर गिरणीमागच्या वठारात होतं. मधे अंगण, भोवती एकेका खोलीची घरं. त्याची बायको अंबूबाई भिंतीला टेकून बसली होती. तीही गुंडाळणी खात्यातच कामाला होती. स्फोट झाला तेव्हा ती दोन भिंतींपलीकडे रिळं बदलत होती.

"शेजारणी बोलत नाहीत माझ्याशी," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या एका बिडीनं आमचं खातं बुडवलं म्हणतात. खोटं तरी कसं म्हणू? मी काय बघायला गेले होते?"

"अक्का, ते ओढायचे का?"

"ओढायचे. खोटं कशाला सांगू? पुष्कळ ओढायचे."

भीमाचार्यांचा जीव उदास झाला. ही बाई खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असा एक दुबळा विचार मनात येऊन गेला. वहाणा घालायला ते वाकले. मग निव्वळ सवयीनं, काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "बिडी कुठली आणायचे?"

"बिडी?" अंबूबाईनं पहिल्यांदाच मान वर केली. "बिडी कधी नाही. चुट्टा ओढायचे ते, तो जाडा चिरूट. ते आणि आप्पाजीअण्णा. मार्केटातून दोघं मिळून आणायचे, आठवड्याचे एकदम. बिडी म्हणजे पालापाचोळा म्हणायचे. शेजारी कुणी पेटवली तरी उठून जायचे."

"आप्पाजीला हे ठाऊक होतं?"

"असणारच. दोघं एकत्रच ओढायचे."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"माझं ऐकणार कोण? पोलीस म्हणाले, बंडल मिळालंय. मला वाटलं, माणूस घरात एक असतो नि कामावर एक."

भीमाचार्य वहाणेत एक पाय घालून तसेच उभे राहिले. कोनाड्यातलं ते बंडल त्यांच्या डोळ्यांपुढं आलं, आणि त्याखालचा तो सलग पांढरा थर. बंडल कुणी ठेवलं असेल, ते आता त्यांना कळलं होतं. कळल्याचा आनंद मात्र झाला नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिघांना बॅटरीघरातच बोलावलं.

"स्फोट झाला तेव्हा या खोलीभर ॲसिड उडालं," ते म्हणाले. "आप्पाजींच्या विजारीचं काय झालं ते बघा. हे बंडल त्या वेळी इथं असतं, तर त्याचा कागद चाळणीसारखा झाला असता. आता खाली बघा." त्यांनी बंडल उचललं. "सोड्याचं पाणी कोनाड्यात मारलं तेव्हा बंडल इथं असतं, तर सोडा त्याच्यावर वाळला असता आणि खालची जागा कोरी राहिली असती. इथं उलट आहे. खाली सोडा, वर बंडल कोरं. म्हणजे खोली धुतल्यावर, सोडा वाळल्यावर, कुणीतरी ते आणून ठेवलं."

जयसिंगरावांनी पुढं वाकून पाहिलं आणि ते सावकाश मागं सरले.

"खोली धुतल्यापासून पोलीस येईपर्यंत जयसिंगराव इथं नव्हते. किल्ली आधी आप्पाजींच्या हातात होती, मग उपेंद्रच्या. आप्पाजींना ठेवायचंच असतं तर त्यांनी चुट्टा ठेवला असता. विठोजी बिडीला शिवत नव्हता, हे त्याच्या सोबत्यांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं, त्यानं कामगार म्हणजे बिडी असं धरून चालून बिडी आणली."

"बिडी त्याची नव्हे हे मला ठाऊक होतं, पण पंखा मीच पाडला होता, म्हणून बोललो नाही," म्हणत आप्पाजीनं उपेंद्रकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि तेच उपेंद्रला सहन झालं नाही. तो मोकळ्या पट्ट्याच्या कडेवर खाली बसला.

"फाटकासमोरच्या दुकानातून घेतलं," तो म्हणाला. "सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या. मला वाटलं, गॅस कशाने झाला हे बाहेर आलं तर बॅटरी बंद होणार, आणि बॅटरी बंद झाली की गुंडाळणी बंद. एवढ्या बायका रस्त्यावर येतील. विठोजी तर गेलाच आहे, त्याला आता काय फरक पडतो... असं मी स्वतःला सांगत होतो, सर. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. सातपर्यंत भरत राहायची आयडिया माझी. पंख्याचं आप्पाजींनी विचारलं, तेही मी विसरलो. रोज माझ्या हाताखाली काम करणारा माणूस काय ओढतो, एवढंसुद्धा मला माहीत नव्हतं."

"शिसं आलं असतं तर..." जयसिंगराव पुटपुटले.

"शिसं आलं नव्हतं," भीमाचार्य म्हणाले. "हे तुम्हाला दोघांनाही माहीत होतं."

त्यांना फार थकवा आला होता. एका उलटलेल्या पेटीवर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली. खटला गिरणीवर होईल. बंडल ठेवल्याबद्दल उपेंद्रचं नाव अहवालात वेगळं जाईल. विठोजीची चूक नव्हती, हे पहिल्याच ओळीत जाईल, म्हणजे भरपाईत कुणाला खोट काढता येणार नाही.

"आणि बॅटरी?" जयसिंगरावांनी विचारलं. "बंदच ना? मग गुंडाळणीला कुलूप घालतो मी. बायकांना तुम्हीच सांगा."

"गुंडाळणीला कशाला? उपेंद्र, शाबूत राहिलेले सेल धरून हिशेब मांडा. रात्रीच भरायची, पहाटेच्या आत संपवायचं. सहाला जोडायची. शिल्लक धरायची. गुंडाळणीचा किती भार ती नऊपर्यंत नेते?"

उपेंद्रनं भिंतीवरच बोटानं आकडे मांडले. सोड्याच्या थरात ते स्पष्ट उमटले. "तिसरा हिस्सा. जेमतेम."

"मग उरलेले दोन हिस्से तारांवर घ्यायचे, आणि तेवढ्या भाराचे माग संध्याकाळी थांबवायचे. बॅटरी कामाएवढी मिळत नसेल तर काम बॅटरीएवढं करावं लागतं. पंख्याला वेगळी तार. खटका भिंतीच्या बाहेर. एवढं करून मला दाखवाल, तेव्हा मी परवानगी देईन. गुंडाळणी चालू राहील."

"मागांचं उत्पन्न गेलं तर मालक मला ठेवणार नाहीत."

"कदाचित नाही ठेवणार," भीमाचार्य म्हणाले. त्यांना जयसिंगरावांची खरोखर कीव आली, पण हुकूम त्यांनी बदलला नाही.

आप्पाजी जाऊन तारेचं भेंडोळं घेऊन आला. कुणी सांगायची वाट न पाहता त्यानं शिडी पंख्याखाली लावली.

६

दुपारी भीमाचार्य वठाराकडे निघाले तेव्हा उपेंद्र मागून आला.

"मी येऊ, सर? त्यांना मीच सांगायला हवं."

"यायलाच हवं असं नाही. मी सांगणारच आहे."

"तरी येतो."

अंबूबाई तांदूळ निवडत होती. उपेंद्र दारातच उभा राहिला. बंडल मी ठेवलं, विठोजीची काही चूक नव्हती, बॅटरी अपुरी होती, पंखा बंद होता, असं तो एका दमात बोलून गेला. अंबूबाईचे हात थांबले. तिनं सूप बाजूला ठेवलं. तिनं त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"तुम्ही पुण्याचे ना?" ती म्हणाली.

"हो."

"घरी कोण आहे?"

"आई. आणि बायको. ती माहेरी गेलीय, बाळंतपणाला."

अंबूबाईनं मान हलवली. "मला माफ करा, असं म्हणायचं धैर्य नाही माझ्यात," तो म्हणाला.

"मग नका म्हणू," ती म्हणाली. "मला कशाला सांगता हे? मला आधी पण ठाऊक होतं, ते बिडी ओढत नव्हते. बिडीची गोष्ट तुम्ही गिरणीभर केलीत. आता बाहेर जाऊन सांगा."

"बाहेर?"

"पाणी आलंय. सगळ्या बायका आहेत अंगणात."

उपेंद्रनं भीमाचार्यांकडे पाहिलं. भीमाचार्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते उंबऱ्यावर बसून गुडघा चोळत होते.

अंगणात नळाभोवती घागरींची रांग लागली होती. बहुतेक बायका गुंडाळणीतल्याच. साहेब वठारात आलेला पाहून त्या बोलायच्या थांबल्या. तो बोलू लागला, पण मराठी सगळ्यांना कळेना. म्हणून तो आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडात बोलू लागला. क्रियापदं चुकत होती, विठोजीला तो एकदा 'ती' म्हणाला, आणि एकदा शब्दच न सापडून त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. कुणी हसलं नाही. घागरीत पाणी पडत होतं आणि त्या आवाजात त्याचं अर्धं बोलणं बुडत होतं.

रांगेतली एक म्हातारी पुढं झाली आणि तिनं नळ बंद केला.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

अंबूबाई दारात येऊन उभी राहिली होती. उपेंद्रनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.